पंच कुठून आणले?

परळकडच्या आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेला यंदा तेवीस सभासद हजर होते. त्यातले निम्मे वड्यांसाठी आले होते, हे वडे वाटणारी मीच असल्यामुळे खात्रीने सांगते. हिशेब मंजूर झाले, गळक्या छताचा विषय मागच्या वर्षीसारखाच पुढच्या वर्षावर गेला, आणि मग 'आयत्या वेळचे विषय' आले. एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, सरकारी अनुदानातून रहस्यकथा, पोलिसी कादंबऱ्या वगैरे घेणं आता बंद करावं. अनुदान समाजप्रबोधनासाठी असतं, टाइमपाससाठी नसतं. ज्यांना खून वाचायचेत त्यांनी ते स्वतःच्या पैशाने वाचावेत. दोघातिघांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विषय तहकूब केला.

प्रश्न फालतू नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आमच्यासारख्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आमचा वर्ग कोणता ते सांगत नाही; छत गळतं एवढं पुरे. पैसे थोडे, कपाटं त्याहून थोडी, तेव्हा काय घ्यायचं यावर भांडण व्हायलाच हवं. त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. थोडा आला. पण राग प्रश्नाचा नव्हता. ही पुस्तकं वाचणारा माणूस वेळ घालवत असतो हे त्यांनी इतक्या सहज धरून चालावं, आणि पुरावा मात्र एकही देऊ नये, याचा होता. मी चाळीसेक वर्षं ही पुस्तकं वाचते आहे. पुराव्यावाचून कुणाला दोषी ठरवलं की मला ते आता सहनच होत नाही, आणि ही खोड याच पुस्तकांनी लावलेली आहे.

मराठीत या प्रकाराला वाचक कधीच कमी नव्हता. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. माझे आजोबा गिरणीत होते. रात्रपाळीहून आले की आंघोळ, चहा आणि झोप लागेपर्यंत अर्नाळकर. झुंझार, काळापहाड, धनंजय ही नावं आमच्या घरात नात्यातल्या माणसांसारखी घेतली जायची. 'झुंझार असता तर' अशी वाक्यं मी लहानपणी ऐकली आहेत, तीही थकलेल्या भाड्याच्या संदर्भात. पण मी वाचलेल्या त्या घराण्यात पोलिस बहुधा दुय्यम पात्र. नायक म्हणजे खासगी गुप्तहेर, नाहीतर कायदा वाकवून गरिबांची बाजू घेणारा देखणा साहसी. इन्स्पेक्टरसाहेब शेवटच्या प्रकरणात बेड्या घेऊन येणार, नायकाचे आभार मानणार, की पडदा. वेग, वेषांतर, भुयारं, बंदरावरची गोदामं ही सगळी मजा मला कबूल आहे. तिच्यावरच मी वाढले.

पोलिसी तपासाची कादंबरी मात्र वेगळी जात. तिथल्या नायकाला पगार असतो, वरिष्ठ असतो, त्याची रजा नामंजूर होते, आणि ज्या खुनाबद्दल आपण वाचतोय त्याखेरीज त्याच्या टेबलावर आणखी सहा प्रकरणं पडलेली असतात. एड मॅक्बेनने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका कल्पित शहरातल्या पोलिस ठाण्यावर मालिका सुरू केली ती एकट्या नायकाऐवजी सगळं ठाणंच नायक करायचं असं ठरवून. पुस्तकाच्या मध्येच तो पोलिसांचे फॉर्म आणि अहवाल छापून टाकायचा. गोष्टीत फॉर्म? पण वाचून पाहा, त्या कोरड्या रकान्यांत एका माणसाचं अख्खं आयुष्य उंची, वजन आणि डाव्या दंडावरचा व्रण एवढ्यावर येऊन थांबलेलं दिसतं. स्वीडनच्या मै श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मोजून दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीत कालव्यातून वर आलेल्या बाईचं नाव कळायलाच काही महिने जातात. खुनी राहू दे, मेलेली कोण तेच माहीत नाही. त्यांचा पोलिस नायक मार्टिन बेक सर्दीने बेजार असतो, बोटीतल्या प्रवाशांच्या याद्या चाळतो, टपालाची वाट पाहतो. आणि वाचणारा, शपथेवर सांगते, पुस्तक खाली ठेवत नाही.

का ठेवत नाही, हे मला आमच्या तळमजल्यावरच्या काकांमुळे कळलं.

काका मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं नायगावच्या पोलिस वसाहतीत गेली, आता आमच्या इमारतीत मुलाकडे असतात. वाचनालयाचे सभासद मी त्यांना केलं. ते फक्त पोलिसी कादंबऱ्या नेतात, मराठी किंवा मराठीत आलेल्या, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचतात. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत अशी पाटी आहे, पण आमच्या ग्रंथपालबाई काकांच्या खुणा खोडत नाहीत. खुनी कोण याच्याशी काकांना काही देणंघेणं नाही. एकदा मी चुकून शेवट सांगून टाकला तर म्हणाले, "असू दे गं, कोणीतरी असायचाच." त्यांच्या खुणा दुसऱ्याच जागी. 'स्टेशन डायरीला नोंद केव्हा?' 'बॉडी हलवली कोणी?' 'हद्द कोणाची?' कलिनाच्या प्रयोगशाळेतून एका दिवसात अहवाल आला की समासात नुसतं उद्गारचिन्ह. आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात, कुठे ना कुठे, बारीक अक्षरात: 'पंच कुठून आणले?' पंच म्हणजे पंचनाम्याला साक्षी राहून सही करणारी बाहेरची माणसं.

"रात्री तीन वाजता रे रोडला," काका म्हणतात, "हा इन्स्पेक्टर पंचनामा करतो, दोन पंच उभे. आणले कुठून? माझी अर्धी नोकरी पंच शोधण्यात गेली. माणूस पोलिसाला बघितला की चप्पल न घालता पळतो."

मला हा प्रश्न खऱ्या अर्थाने समजला तो मीच पंच झाले तेव्हा. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचं शटर रात्री कुणीतरी उचकटलं. सकाळी मी दूध घेऊन येत होते. उपनिरीक्षक तरुण होते, डोळे लाल. म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं. पंच म्हणून." ती दोन मिनिटं अडीच तास चालली. दुसरा पंच म्हणजे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, त्याचे कोळसे तिकडे पेटून विझलेसुद्धा. दुकानदाराने पोलिस यायच्या आत काउंटर स्वच्छ पुसून, गणपतीची तसबीर सरळ करून उदबत्ती लावली होती. ठसे घ्यायला आलेल्या माणसाने त्या चकचकीत काउंटरकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून कोणत्याही कादंबरीत वाचलेली नाही.

मग लिहिणं सुरू झालं. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच... सदर दुकान हे पूर्वाभिमुख असून...' टेप लावून मोजलं: शटर डाव्या कोपऱ्यातून उचकटलेलं, जमिनीपासून अंदाजे अकरा इंच. मीटरच्या पेटीमागे कटावणी सापडली. लोखंडी, लांबी अंदाजे सोळा इंच, एक टोक चपटं, त्या टोकाला निळा रंग लागलेला. शटर निळं होतं. आणि त्यापुढे 'जु. वा. किं. अं.' मी विचारलं, हे काय? जुनी वापरती किंमत, अंदाजे. आता किंमत काय लिहायची? उपनिरीक्षक क्षणभर अडले. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, चोरबाजारात साठला मिळेल." साठ रुपये लिहिलं. कटावणी खाकी कागदात गुंडाळली, दोरा बांधला, काडीपेटीच्या काडीवर लाख वितळवून गाठीवर ओतली. काडीने बोट भाजलं तसे ते पुटपुटले, आणि मग सीलचा ठसा. चिठ्ठीवर माझी सही, इस्त्रीवाल्याची सही.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या अडीच तासांत चोर कोण हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. अकरा इंच की बारा, निळा रंग शटरचाच की दुसऱ्या कशाचा, पेटीमागे ती कटावणी आधीपासून तर पडलेली नव्हती, डोक्यात एवढंच. आणि त्यात मला जी मजा वाटली, तीच मी आजवर पुस्तकांतून घेत आले होते. एखादी गोष्ट घडली असं म्हणण्याआधी किती मोजावं, बांधावं, चिकटवावं आणि सही करावं लागतं, ते जवळून बघण्याची मजा. तशी ही कष्टाळू मजा आहे. विणकाम बघताना येते, चांगला मेकॅनिक इंजिन उघडतो तेव्हा येते, त्याच जातीची.

या मजेचं आपल्या देशाशी जुनं नातंही आहे. ज्या बोटांच्या ठशांवर इंग्रजी गुप्तहेरकथांची पिढी पोसली, त्यांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन उपनिरीक्षकांचा हात होता. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं, मिळालं. ठसे नुसते घेऊन उपयोग नसतो, लाखांतून एक शोधून काढता आला पाहिजे. म्हणून १०२४ खण. कोणत्या खणात हात घालायचा हे बोटांवरच्या भोवऱ्यांवरून ठरायचं. मला यात कुठल्याही पाठलागाइतकाच थरार वाटतो. ज्याला वाटत नाही त्याच्याशी माझं भांडण नाही, फक्त त्याने माझ्या कपाटाला हात लावू नये.

आता शेवटच्या प्रकरणाकडे येऊ. विलायती रहस्यकथेत सगळे संशयित दिवाणखान्यात बसतात, गुप्तहेर शेकोटीपाशी उभा राहून उलगडा करतो, आणि खुनी ताडकन उठून म्हणतो, होय, मीच मारलं. प्रसंग छान. पण मुंबईच्या कोर्टात त्याची किंमत शून्य. पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम सांगत होतं, आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच तेविसाव्या कलमात आलं आहे. नियम इंग्रजांचा, कारण कबुली कशी काढली जाते हे त्यांनाही माहीत होतं. मद्रास इलाख्यातल्या छळाचा अहवाल १८५५ मध्येच त्यांच्या हातात पडला होता. एकच वाट मोकळी ठेवली आहे. आरोपी म्हणाला, 'चाकू मी पाण्याच्या पिंपामागे ठेवलाय', आणि पंचांसमक्ष तिथे खरंच चाकू निघाला, तर बोलण्यातला तेवढा भाग चालतो. बाकीचं सगळं, 'मी मारला, असा मारला, याच्यासाठी मारला', हे कोर्टापुरतं हवेत.

लेखकाच्या दृष्टीने पाहा. जिथे जगभरचे रहस्यकथाकार गोष्ट संपवतात तिथे आपल्या इन्स्पेक्टरची खरी अडचण सुरू होते. त्याला माहीत आहे, आरोपीने सांगितलं आहे, वाचकालाही पटलं आहे, आणि तरी काहीच सिद्ध झालेलं नाही. वस्तू हवी, वस्तू निघताना बघणारे दोन उपरे हवेत, कागदावर वेळ हवी. वर घड्याळ लावलेलं: साठ दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क. याहून चांगलं घड्याळ कोणत्या लेखकाला सुचलं असतं? आणि १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही कायद्याने करावं लागतं. हे मी काकांना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आता मोबाइलची बॅटरी हाही मुद्दा झाला. समासात लिहायला हवं."

मुंबईच्या खऱ्या तपासांतही हेच दिसतं. १९६८ मध्ये उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेली माणसं डोक्यात घाव घालून मारली जात होती. तपास रमाकांत कुलकर्णींकडे होता. मारेकरी रामन राघव सापडला तो ऑगस्टमध्ये, अ‍ॅलेक्स फियालो नावाच्या उपनिरीक्षकाने रस्त्यात वर्णनावरून त्याला ओळखल्यामुळे. आणि तो तोच, हे जुन्या नोंदीतल्या बोटांच्या ठशांनी ठरलं. आठवण आणि रजिस्टर. गोळी एकही सुटली नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या शहराला दुसऱ्या गोष्टीची चटक लागलेली आहे. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला आणि पुढच्या वीसेक वर्षांत 'एन्काउंटर' हा शब्द मुंबईच्या मराठीत असा मुरला की त्याचं क्रियापदच झालं. अमक्याचा एन्काउंटर केला. ट्रेनमध्ये, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत मी ही वाक्यं कौतुकाने म्हटलेली ऐकली आहेत, आणि म्हणणारे चांगले शिकलेले, कर भरणारे लोक होते. एन्काउंटरच्या गोष्टीत तपास नसतो. पहिलं पान आणि शेवटचं पान, मधली तीनशे फाडून टाकलेली. मेलेला गुंड होता का, तोच होता का, त्या दिवशी तो कुठे होता, हे प्रश्न विचारणारा गोष्टीचा रसभंग करतो असं लोकांना वाटतं. २००६ मध्ये लखनभैया नावाच्या माणसाचा असाच 'एन्काउंटर' जाहीर झाला. त्याला उचलून नेलं आहे अशा तारा आणि फॅक्स त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी अधिकाऱ्यांना केले होते. कागदावर तारीख होती, वेळ होती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांसह एकवीस जणांना दोषी धरलं, आणि त्यातल्या पोलिसांची शिक्षा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम केली. मधल्या तीनशे पानांत काय असतं ते हे.

आता सभेतल्या गृहस्थांना समाजप्रबोधन हवंच असेल, तर ते इथे आहे असं मी म्हणू शकते. पण मला तसं म्हणायचं नाही. पुस्तक औषध म्हणून विकायला लागलं की ते कडूच लागतं, आणि पोलिसी कादंबऱ्या वाचून कोणी सज्जन झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी फक्त एवढंच म्हणते की या दोन मजा एकमेकींच्या सवती आहेत. ज्या वाचकाला मधल्या पानांची गोडी लागली, त्याला फाडलेलं पुस्तक पुरत नाही. एवढ्या चवीसाठी कपाटातले दोन खण मागणं मला जास्त वाटत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो त्या गृहस्थांनी घेतला नाही म्हणून मीच घेते. या कादंबऱ्या पोलिसांना बरंच उजळवून दाखवतात. सगळे गुन्हे उलगडतात, इन्स्पेक्टर थकलेला पण प्रामाणिक, फिर्यादीला खुर्ची मिळते, पाणी मिळतं. माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी एका स्टेशनच्या पुलावर गर्दीत माझ्या पर्समधून मोबाइल गेला. पर्सची चेन उघडी, आतलं कापड बाहेर ओढलेलं. तक्रार द्यायला गेले. टेबलामागच्या माणसाने शांतपणे समजावलं, "चोरीला गेला कशाला लिहिता? गहाळ झाला लिहा. लवकर सुटाल." चोरी म्हटली की गुन्हा दाखल, नंबर, तपास. गहाळ म्हटलं की एक दाखला, सिमकार्डापुरता. मी हुज्जत घातली. घड्याळ पाहिलं, ऑफिसला उशीर होत होता. आणि 'गहाळ' या शब्दाखाली सही केली. पंचनाम्यातल्या अकरा इंचांवर जिचा जीव जडला होता, तिनेच.

तेव्हा हो, वाईट पोलिसी कादंबरी खोटं बोलते. ज्या ठाण्यात कोणी 'गहाळ' म्हणत नाही ते ठाणं मला खरं वाटत नाही. पण चांगली तशी नसते. त्या स्वीडिश जोडप्याने तर पोलिसांच्या मागून चालत आपल्या कल्याणकारी राज्याचीच झडती घेतली. आपल्याला अशी मराठी कादंबरी हवी आहे जिच्यात गुन्हा 'चोरी' म्हणून नोंदवला जावा यासाठी एखादी बाई साठ पानं भांडते. मी ती एका बैठकीत वाचेन. दोन हद्दींच्या मधोमध रुळांवर सापडलेल्या माणसाची सुद्धा हवी: लोहमार्ग पोलिस म्हणतात शहरात ढकलला, शहर पोलिस म्हणतात गाडीतून पडला, आणि प्रेत चादरीखाली वाट पाहतंय. मुंबईत नव्वदच्या वर पोलिस ठाणी आहेत. गोष्टी रोज स्टेशन डायरीत पडून असतात.

आणि गंमत पाहा, रहस्यकथांच्या जगात मुंबईच्या पोलिसाचं नाव कोणी काढलं? एच. आर. एफ. कीटिंग नावाच्या इंग्रजाने. त्याचा इन्स्पेक्टर घोटे १९६४ मध्ये छापून आला आणि पुढे देशोदेशी वाचला गेला. पहिली दहा वर्षं कीटिंगने मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती. नकाशे, पुस्तकं आणि वर्तमानपत्रं यांवर त्याने शहर उभं केलं. आमच्या काकांच्या हाती ती पुस्तकं पडली असती तर समासाला जागा उरली नसती. पण आपण इथे राहतो, हद्दी ओळखतो, 'जु. वा. किं. अं.' आपल्याला तोंडपाठ, आणि घोटे मात्र लंडनहून येतो, याला त्या बिचाऱ्या कीटिंगचा काय दोष? हे लेखन हलकं आहे असं ज्या भाषेत तीन पिढ्या सांगितलं गेलं, त्या भाषेतले चांगले लिहिणारे तिकडे फिरकले नाहीत. वाचनालयांनी घेणंच थांबवलं तर उरलेलेही फिरकणार नाहीत. म्हणून हा वड्याच्या बशीवरचा विषय मला एवढा लागला.

सभेनंतरच्या शनिवारी मी आणि काका पुस्तकं बदलायला गेलो. ग्रंथपालबाईंनी मला खुणेने आत बोलावलं आणि एक जाडजूड पोलिसी कादंबरी समोर ठेवली. आमच्याकडे अजून मागच्या पुठ्ठ्याला चिठ्ठी चिकटवतात, तारखेचा शिक्का आणि शेजारी सभासद क्रमांक. बाईंनी बोट ठेवलं. गेल्या मे महिन्यात हे पुस्तक ज्या क्रमांकावर गेलं होतं, तो त्या निवृत्त गृहस्थांचा. ऑगस्टमध्ये तोच क्रमांक, दुसरं पुस्तक. नोव्हेंबरात तिसरं. मला उकळ्या फुटल्या. पुढच्या सभेत उभं राहून मी काय बोलणार ते माझ्या डोक्यात तयारसुद्धा झालं.

काकांनी चश्मा कपाळावर चढवून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"क्रमांक त्यांचा, बरोबर. पण पुस्तक नेलं कोणी? त्यांची मिसेस येते ना त्याच कार्डावर? आणि वाचलं कोणी, हे कुठं लिहिलंय?"

बाई म्हणाल्या, मिसेस पण येतात कधीकधी.

"बघ," काका म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल चाचपत नव्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळले.